शंभर वर्षांपूर्वीचा धावफलक कसा वाचावा

गेल्या दोन महिन्यांत जुन्या सामन्यांविषयी बरीच पत्रे आली. बहुतेकांच्या हाती एखादे पिवळे पडलेले कात्रण, वही किंवा फोटो आहे आणि त्यातून नेमके काय कळते हे त्यांना हवे आहे. त्यांतली निवडक पत्रे आणि आमच्या जाणकारांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : आजोबांच्या वहीत 'मार्गशीर्ष शके १८४८, मुंबईस एम.सी.सी.चा सामना, देवधर १४८' एवढीच ओळ आहे. ही नोंद कितपत खरी धरावी आणि तपासावी कशी? (सदाशिव पेठ)

नोंद जुळते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषापासून पुढे मात्र बहुतेक नोंदींना ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. शके १८४८ चा मार्गशीर्ष डिसेंबर १९२६ च्या पहिल्या आठवड्यात लागला आणि जानेवारी १९२७ च्या सुरुवातीला संपला. आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. (इंग्लंडचा मेरिलिबोन क्रिकेट क्लब) संघ तेव्हा हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होता आणि मुंबईच्या जिमखाना मैदानावर अखिल भारतीय संघाकडून खेळताना दि. ब. देवधरांनी डिसेंबरातच १४८ धावा केल्या. तो संघ त्या दौऱ्यात एकही सामना हरला नाही. तेव्हा त्या धावांचे मोल वहीतल्या एका ओळीवरून वाटते त्याहून बरेच मोठे आहे.

आता तपासणी. आधी तिथीवरून इंग्रजी तारखांचा पट्टा काढा आणि त्याच्या मागेपुढे चार-चार दिवस धरा. वही त्याच दिवशी लिहिलेली असेल असे नाही. मग वर्तमानपत्रांकडे वळा. पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' तेव्हा दैनिक होता, 'केसरी' नव्हता. त्यामुळे केसरीत एका दिवसाचा खेळ शोधत बसू नका, तिथे मिळाला तर आढावा मिळेल. मुंबईतल्या सामन्यासाठी 'टाइम्स ऑफ इंडिया' आणि 'बॉम्बे क्रॉनिकल' पाहावेत. पुण्यात पुणे नगर वाचन मंदिर, केसरीवाड्यातले ग्रंथालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ इथे विचारणा करा. जाताना कागदावर महिना, वर्ष, पत्राचे नाव आणि हवी ती तारीख लिहून न्या. 'जुने अंक दाखवा' म्हणणाऱ्याला ग्रंथपाल फारशी मदत करू शकत नाही. नेमका महिना सांगणाऱ्याला करू शकतो.

फलक उतरवताना सामना संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचाच अंक घ्या. पहिल्या दिवसाच्या बातमीत नाबाद फलंदाज अर्धवट असतात, आणि घाईने तारेने आलेले आकडे पुढच्या अंकात गुपचूप दुरुस्त होतात. दोन अंकांत फरक दिसला तर दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा, त्यांतला एक मनाने निवडू नका.

वही मोडीत असेल तर आकड्यांपासून सावध राहा. हाताने लिहिलेले १ आणि ९, तसेच ४ आणि ५, यांची गफलत फार होते. वहीतल्याच तारखा आणि जमाखर्चाच्या बेरजा पाहून त्या माणसाचे वळण आधी ओळखावे, मग धावा वाचाव्यात.

प्रश्न : १९२० च्या आसपासच्या एका सामन्याचा छापील फलक आहे. गोलंदाजांनी दिलेल्या धावांची बेरीज संघाच्या एकूण धावांपेक्षा कमी भरते. छपाईची चूक समजावी का? (नारायण पेठ)

नाही, तो फलक बहुधा बरोबर आहे. वाइड आणि नो-बॉल आज गोलंदाजाच्या खात्यात पडतात, पण ही पद्धत १९८० च्या दशकात आली. तुमच्या फलकाच्या काळात त्या धावा फक्त अवांतरात जात. म्हणून त्या काळच्या फलकाचा एक सोपा ताळा मिळतो : सर्व फलंदाजांच्या धावांची बेरीज आणि सर्व गोलंदाजांनी दिलेल्या धावांची बेरीज तंतोतंत सारखी यायला हवी. समजा फलंदाजांच्या २१४ आणि अवांतर १७, म्हणजे एकूण २३१. तर गोलंदाजांच्या रकान्याची बेरीज २१४ च यावी. २३१ आली तर कुणीतरी नंतर आकडे 'दुरुस्त' केले आहेत, आणि २११ किंवा २१९ आली तर अंक वाचण्यात चूक आहे.

बळींचाही ताळा घ्या. गोलंदाजांचे बळी अधिक धावबाद ही बेरीज पडलेल्या गड्यांइतकी यावी. इथे एक कमी पडला तर बहुतेक वेळा एखादा 'धावबाद' हा शब्द शेजारच्या ओळीत सरकलेला असतो किंवा एखादा गडी गैरहजर असतो. इंग्रजी फलकात छपाईच्या जुन्या खिळ्यांमुळे ३ आणि ८, ५ आणि ६ हे अंक एकमेकांत मिसळतात. ताळा चुकला की आधी हे चार अंक भिंगाखाली पाहावेत.

नावांचे आणखी एक सांगायला हवे, कारण बरेच शोध इथेच अडतात. पालवणकर बंधू इंग्रजी फलकात पी. बाळू, पी. शिवराम, पी. गणपत, पी. विठ्ठल असे येतात. 'पी' हे आडनाव आहे आणि पुढे आहे ते खेळाडूचे स्वतःचे नाव. आडनावाने सूची चाळणाऱ्याला पालवणकर सापडत नाहीत ते यामुळे. शोधताना बाळू, बालू, बल्लू अशी सगळी रूपे, आणि इंग्रजीतही त्याची दोन-तीन स्पेलिंगे धरून पाहावे.

प्रश्न : पालवणकर बाळूंची कामगिरी आजच्या गोलंदाजांशी ताडून पाहता येईल का? एका ठिकाणी १७९ बळी वाचले, दुसरीकडे फक्त १९११ सालाचेच ११४. दोन्ही खरे कसे? (विश्रांतवाडी)

दोन्ही खरे आहेत, मोजण्याची व्याख्या वेगळी आहे. १७९ बळी हे ३३ प्रथम श्रेणी सामन्यांतले, सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा) १५.२१. ११४ बळी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या सर्व सामन्यांतले, सरासरी १८.८४. त्या दौऱ्यातले सगळे सामने प्रथम श्रेणीचे नव्हते, म्हणून ११४ मधले सगळे बळी १७९ मध्ये येत नाहीत. ही दोन संख्या एकत्र करणे किंवा एकातून दुसरी वजा करणे ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक आहे. जुना आकडा उतरवताना त्याच्या शेजारी 'प्रथम श्रेणी' की 'सर्व सामने' हे लिहिलेच पाहिजे.

तुलनेबद्दल. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांच्या काळात पायचीतसाठी चेंडूचा टप्पा दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमधल्या सरळ रेषेतच पडावा लागे. ऑफ यष्टीबाहेर टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत देण्याची मुभा प्रयोग म्हणून १९३५ मध्ये आली आणि १९३७ मध्ये नियमात गेली. म्हणजे बाळूंसमोरचा फलंदाज बाहेरचा चेंडू पॅडने निर्धास्त अडवू शकत होता. यष्ट्याही लहान होत्या, २७ इंच उंच आणि तिन्ही मिळून ८ इंच रुंद. १९३१ पासून त्या २८ बाय ९ झाल्या. १९२७ मध्ये चेंडूचा परीघ थोडा कमी झाला. बाळूंना मिळाला तो मोठा, बोटांत धरायला अवघड चेंडू. दुसऱ्या बाजूला खेळपट्ट्या झाकत नसत आणि पाऊस पडून गेल्यावर फिरकीला त्या फार साथ देत. आमच्या मते ही वजाबाकी-बेरीज करूनही १५.२१ ही असामान्य सरासरी ठरते. पण तिची तुलना त्यांच्याच काळातल्या, त्याच मैदानांवरच्या गोलंदाजांशी करावी, आजच्यांशी नव्हे.

कॅप्टन ग्रेग आणि आठ आण्यांची गोष्टही काहींनी विचारली आहे. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात बाळू मैदानाची निगा राखत आणि तिथले इंग्रज फलंदाज ग्रेग यांना सरावाला चेंडू टाकत. बाद केले की दर वेळी आठ आणे मिळत, असे सांगतात. सरावाचा फलक नसतो, तेव्हा ही गोष्ट लिहिताना 'असे सांगतात' हे दोन शब्द ठेवावेत. बाळूंचे मोठेपण छापील आकड्यांतच पुरेसे आहे, त्याला आधाराची गरज नाही.

प्रश्न : सी. के. नायडूंचे ११ षटकार म्हणजे ११ वेळा चेंडू मैदानाबाहेर गेला का? (कर्वेनगर)

तसे असायलाच हवे असे नाही. पूर्वी इंग्लंडात चेंडू मैदानाच्याच बाहेर गेला तर सहा मिळत. १९१० पासून सीमारेषेपलीकडे थेट पडलेल्या चेंडूला सहा मिळू लागले. नायडूंची हिंदू संघाकडून एम.सी.सी.विरुद्धची १५३ धावांची खेळी १ डिसेंबर १९२६ ची, म्हणजे नव्या नियमातली. १९१० पूर्वीच्या फलकात षटकार अगदी थोडे दिसतात ते याच कारणाने.

प्रश्न : अमेरिकेतून परतलेल्या एका नातेवाइकांच्या ट्रंकेत ऑक्टोबर १९२६ चे तिकडचे वर्तमानपत्र निघाले. त्यात बेसबॉलच्या अंतिम सामन्याचा तक्ता आहे. क्रिकेट जाणणाऱ्याने तो कसा वाचावा? (औंध)

तारीख ११ ऑक्टोबर असेल तर तुमच्या हाती बेसबॉलच्या इतिहासातला एक फार प्रिय सामना आहे. १० ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर सेंट लुइस कार्डिनल्सने यांकीजचा ३-२ असा पराभव करून वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि निर्णायक सामना जिंकला. तक्त्यात कार्डिनल्सच्या पिचरांत, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांत, ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर हे नाव शोधा. आदल्या दिवशीचा पूर्ण सामना टाकून ३९ वर्षांचा हा माणूस सातव्या डावात पुन्हा आला, तेव्हा तिन्ही बेसवर (धावताना थांबायच्या जागांवर) यांकीजचे खेळाडू उभे होते आणि दोन गडी बाद होते. त्याने टोनी लाझेरीला स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. शेवटचा गडी बेब रूथ, दुसरा बेस चोरताना बाद. तक्त्यात मात्र हा थरार एकाच आकड्यात दडलेला असतो, म्हणून रकाने नीट समजून घ्या.

प्रत्येक नावापुढे खेळाडूची जागा असते, मग बहुधा सहा रकाने. पहिला 'एबी' म्हणजे ॲट बॅट, फलंदाजीच्या मोजलेल्या खेपा. चार चेंडू चुकीचे पडून मिळालेला फुकटचा बेस आणि सहकाऱ्याला पुढे सरकवण्यासाठी दिलेला बळी (सॅक्रिफाइस) या खेपा त्यात धरत नाहीत. दुसरा 'आर', काढलेल्या धावा. तिसरा 'एच', हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठल्याच्या खेपा. चौथा 'पीओ', पुटआउट, म्हणजे त्या क्षेत्ररक्षकाच्या हातून प्रत्यक्ष बाद झालेले गडी. पाचवा 'ए', असिस्ट, म्हणजे बाद करण्याला लागलेला हात. सहावा 'ई', चुका. क्रिकेटच्या फलकात क्षेत्ररक्षकाचे श्रेय फलंदाजाच्या नावाशेजारी असते, इथे प्रत्येकाला स्वतंत्र रकाना आहे. पहिल्या बेसवरच्या खेळाडूचे पुटआउट सर्वांत जास्त दिसतात, ते त्याच्या कौशल्यापेक्षा जागेमुळे. बहुतेक फेकी त्याच्याकडेच येतात.

या तक्त्यालाही ताळा आहे आणि तो फार सुरेख आहे. एका संघाच्या एकूण खेपा, फुकटचे बेस, चेंडू अंगाला लागून मिळालेले बेस आणि सॅक्रिफाइस यांची बेरीज करा. ती त्याच संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले खेळाडू आणि समोरच्या संघाचे पुटआउट यांच्या बेरजेइतकी यावी. उदाहरणादाखल : खेपा ३३, फुकटचे बेस ४, सॅक्रिफाइस २, एकूण ३९. समोर धावा ३, अडकलेले ९, पुटआउट २७, तेही ३९. मैदानात आलेला प्रत्येक फलंदाज एकतर धाव काढतो, बाद होतो किंवा अडकून राहतो, चौथी शक्यताच नाही. म्हणून हा ताळा चुकत नाही. पुटआउट २७ ऐवजी २४ दिसले तर घाबरू नका : यजमान संघ आघाडीवर असला की तो नववा डाव खेळतच नाही.

त्या काळच्या आकड्यांतले दोन सापळे. एक, टप्पा खाऊन प्रेक्षकांत गेलेला चेंडू तेव्हा होम रन (थेट एक फेरी पूर्ण करून देणारा फटका) धरत. अमेरिकन लीगने ते १९३० मध्ये बंद केले, नॅशनल लीगने १९३१ मध्ये. दुसरा, आकडे सत्तर वर्षांनीही हलतात. टाय कॉब यांच्या कारकिर्दीतल्या ४,१९१ हिटपैकी दोन हिटचा १९१० मधला एक सामना दोनदा मोजला गेल्याचे १९८१ मध्ये उघड झाले. म्हणून काही तक्त्यांत ४,१८९ आणि काहींत ४,१९१ दिसतात. तुमच्या संग्रहात कुठलाही आकडा लिहा, पण कोणत्या तक्त्यातून घेतला ते सोबत असू द्या.

प्रश्न : अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंचे जुने आकडे अलीकडे अधिकृत झाले असे ऐकले. ते नेमके कसे केले? आपल्याकडे तसे करता येईल का? (येरवडा)

हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत मोठ्या लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. १९२० ते १९४८ या काळातल्या अशा सात लीगना मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२० मध्ये मोठ्या लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले. त्यामुळे कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सर्वोत्तम सरासरीच्या (हिट भागिले खेपा) यादीत जॉश गिब्सन ०.३७२ घेऊन पहिले आले आणि ०.३६७ वाले टाय कॉब दुसरे.

हे शक्य झाले ते 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरियर' यांसारख्या कृष्णवर्णीयांच्याच वृत्तपत्रांतले तक्ते वर्षानुवर्षे एकेक करून उतरवणाऱ्यांमुळे. पद्धत कडक होती. लीगचा सामना हवा. गावोगावी फिरून खेळलेले प्रदर्शनीय सामने, कितीही गाजलेले असले तरी, मोजायचे नाहीत.

पुण्यात हे जसेच्या तसे लागू होत नाही. बाळूंचे प्रेसिडेन्सी, तिरंगी आणि चौरंगी (धर्मवार संघांमधले) सामने आधीपासूनच प्रथम श्रेणीत धरलेले आहेत. गहाळ आहे ते त्याखालचे सगळे : पुण्यातल्या क्लबांचे आपसातले, कॉलेजांचे, सातारा-कोल्हापूरकडच्या संघांशी झालेले सामने. मैदानावर बाळू सोबत चालत, चहाच्या वेळी मात्र अस्पृश्य मानून त्यांना तंबूबाहेर वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. ज्या संघात हे घडत होते त्या संघाच्या दप्तरात सगळे तपशील नीट लिहिले गेले असतील असे मानता येत नाही. म्हणून एकाच पत्रावर विसंबू नये. मराठी, इंग्रजी आणि पारशांची गुजराती पत्रे एकमेकांशी ताडून पाहावीत.

काम सुरू करायचे तर एक क्लब आणि एक हंगाम निवडा, पुण्याच्या सगळ्या सामन्यांचा पसारा मांडू नका. प्रत्येक सामन्याला एक पान द्या : तारीख, मैदान, दोन्ही संघ, पूर्ण फलक, पत्राचे नाव, अंकाची तारीख, पानाचा क्रमांक. फलक नसून नुसता निकाल मिळाला तर तेही पान ठेवा, पण त्यातले आकडे सरासरीत घेऊ नका. वर सांगितलेले धावांचा आणि बळींचा असे दोन्ही ताळे घेतल्याशिवाय पान पूर्ण धरू नये. बाळूंचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी चौरंगी स्पर्धा त्यांच्या संघाने जिंकली. त्या एका हंगामातले पुण्यातले क्लब सामने कुणी उतरवले तरी मोठे काम होईल, आणि आम्ही त्याला या सदरात जागा देऊ.

प्रश्न : जुनी बॅट, कात्रणे आणि संघाचा फोटो पावसाळ्यात कसे सांभाळावेत? (पर्वती पायथा)

सर्वांत आधी जे करू नये ते : लॅमिनेशन, सेलोटेप आणि बॅटीला नव्याने अळशीचे तेल. लॅमिनेशन उलटवता येत नाही. टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. तेल खेळत्या बॅटीसाठी असते. जुन्या बॅटीवर ते धूळ धरते, लाकूड काळे पाडते आणि त्यावरच्या सह्या पुसते.

वर्तमानपत्राचा कागद स्वस्त लाकडी लगद्याचा, त्यात आम्ल तयार होते म्हणून तो पिवळा पडून तुटतो. कात्रणाची आधी ६०० डीपीआयवर दोन्ही बाजूंनी प्रत काढा. मागची बाजू टाकू नका, तारीख नसलेल्या कात्रणाचे वय अनेकदा मागच्या जाहिरातीवरूनच ठरते. मग आम्लरहित कागदात सपाट ठेवा, घडी घालू नका. प्लास्टिकची पिशवी वापरायची तर पॉलिएस्टरची, वास येणारी पीव्हीसीची नको.

फोटो काचेला चिकटवून फ्रेम करू नये, मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी. दमट हवेत फोटोचा थर काचेला चिकटतो आणि काढताना चेहरेच निघून येतात. नावे मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहा. उभे आणि बसलेले डावीकडून उजवीकडे, आणि कोण ओळखता आले नाही तिथे रिकामी जागा सोडा.

बॅटीला बारीक भोके आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो भुंगा आहे. बॅट पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या. नाहीतर थंड लाकडावर पाणी जमून ते तडकते. मुठीचा दोरा सैल झाला असेल तर नवा गुंडाळू नये, सुती फितीने हलकेच बांधावे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे. सिलिका जेलच्या पुड्या जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तपासा, निळ्या खड्यांचा रंग गुलाबी झाला की बदला. डांबराच्या गोळ्या फोटोंच्या डब्यात ठेवू नयेत. कसर लागण्याची भीती असेल तर डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडून पाहा.